घराच्या पत्त्यावर मिळणारी शाळा



आपल्याकडे 'पब्लिक स्कूल' हे शब्द ज्या फाटकावर लिहिलेले असतात, त्या फाटकातून सर्वसामान्य 'पब्लिक'ला सहसा आत जाता येत नाही. इंग्लंडमधील श्रीमंतांच्या खाजगी शाळांना हे नाव होते आणि तेच आपण उचलले. अमेरिकेत मात्र या शब्दांचा अर्थ सरळ आहे. जनतेच्या करातून चालणारी, शुल्क न घेणारी आणि आपल्या हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक मुलाला सामावून घेण्यास कायद्याने बांधलेली शाळा म्हणजे पब्लिक स्कूल. अशा शाळांचा एक प्रचंड समूह वॉशिंग्टनला लागून असलेल्या उपनगरी भागात, व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स काऊंटीत आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच समूह आहे. या सभागृहातील काही घरांतील मुलगा-सून किंवा लेक-जावई हर्नडन, रेस्टन, शँटिली या भागांत स्थायिक झालेले असतील. त्यांची मुले ज्या पिवळ्या बसमधून शाळेत जातात, ती याच समूहाची बस आहे.

आरंभी थोडे आकारमान पाहू. सुमारे १ लाख ८० हजार विद्यार्थी, दोनशेच्या जवळपास शाळा आणि साडेतीन अब्ज डॉलर्सहून मोठा वार्षिक अर्थसंकल्प. एका विद्यार्थ्यामागे वर्षाला २० हजार डॉलर्सच्या घरात खर्च होतो. व्हर्जिनियातील हा सर्वांत मोठा शाळा-जिल्हा आहे. तेथील मुलांच्या घरांतून दोनशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. बालवर्गापासून सहावीपर्यंत प्राथमिक शाळा, सातवी-आठवीची माध्यमिक शाळा आणि नववी ते बारावीचे हायस्कूल अशी साधारण मांडणी आहे. एका हायस्कूलला त्याच्या खालच्या ठरावीक शाळांतून मुले येतात. तेथील लोक या रचनेला 'पिरॅमिड' म्हणतात. बस विनामूल्य, पुस्तके विनामूल्य, आणि गरीब घरच्या मुलांना दुपारचे जेवण विनामूल्य किंवा सवलतीत. ज्या मुलाला शारीरिक वा बौद्धिक अडचण आहे, त्याच्यासाठी शिक्षक आणि पालक यांनी एकत्र बसून स्वतंत्र शिक्षणयोजना लिहून काढायची, असे केंद्रीय कायद्याचे १९७५ पासूनचे बंधन आहे. ही योजना केवळ कागदावर राहिली तर पालक दाद मागू शकतात, आणि मागतातही.

आज हे वैभव पाहणाऱ्याला ते सनातन असल्यासारखे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. १९५० च्या जनगणनेत या काऊंटीची लोकसंख्या एक लाखाच्याही आत होती. दुधाच्या गाई, कुरणे आणि विखुरलेल्या वाड्या हेच तिचे स्वरूप होते. पुढे केंद्र सरकारची कार्यालये वाढली, १९६२ मध्ये डलस विमानतळ झाला, १९६४ मध्ये राजधानीभोवतीचा वळणमार्ग पूर्ण झाला आणि घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. १९७० साली लोकसंख्या साडेचार लाखांवर पोहोचली. २०२० मध्ये ती साडेअकरा लाखांवर गेली. एवढ्या वेगाने माणसे येत असताना वर्ग, शिक्षक आणि बाके उपलब्ध करून देणे ही प्रशासकीय दृष्ट्या असामान्य गोष्ट होती. ती त्यांनी केली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

मात्र या कर्तृत्वाला एक काळी बाजूही आहे. १९५४ पर्यंत या काऊंटीत कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही हायस्कूल नव्हते. ज्याला पुढे शिकायचे असेल त्याने मनासस गावी किंवा थेट वॉशिंग्टनला जायचे. १९५४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवल्या आणि त्याच वर्षी फेअरफॅक्समध्ये ल्यूथर जॅक्सन हायस्कूल उघडले, तेही केवळ कृष्णवर्णीयांसाठी! निकाल एकीकडे आणि कारभार दुसरीकडे. सिनेटर हॅरी बर्ड यांच्या नेतृत्वाखाली व्हर्जिनियाने या निकालाला संघटित विरोध केला. प्रिन्स एडवर्ड काऊंटीने तर गोऱ्यांबरोबर काळी मुले बसवण्यापेक्षा १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे आपल्या सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या. फेअरफॅक्सने तेवढे टोक गाठले नाही. १९६० मध्ये न्यायालयीन लढाईनंतर मोजक्या कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळांत प्रवेश मिळाला, आणि ल्यूथर जॅक्सन शाळा सर्वांसाठी खुली होण्यास १९६५ साल उजाडले. त्या काळातील शिक्षण अधीक्षक डब्ल्यू. टी. वुडसन यांचे नाव एका हायस्कूलला होते. २०२४ मध्ये ते बदलून कृष्णवर्णीय इतिहासकार कार्टर जी. वुडसन यांचे नाव देण्यात आले. आडनाव तेच राहिले, माणूस बदलला. यादवी युद्धातील दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ई. ली यांच्या नावाची शाळाही २०२० मध्ये जॉन लुइस यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. शाळेच्या फाटकावर कोणाचे नाव असावे हा प्रश्न केवळ आपल्याकडेच उकळतो असे नाही!

आता कारभाराकडे वळू, कारण खरे शिकण्यासारखे तेथेच आहे. या शाळांवर बारा सदस्यांचे निर्वाचित शिक्षण मंडळ आहे. नऊ सदस्य आपापल्या विभागातून आणि तीन संपूर्ण काऊंटीतून निवडून येतात. मुदत चार वर्षांची. त्यांच्या जोडीला विद्यार्थ्यांनी निवडलेला एक विद्यार्थी प्रतिनिधी बसतो. त्याला मत नसते, पण बोलण्याचा अधिकार असतो. ही निवडणूक पूर्वापार चालत आलेली नाही. व्हर्जिनियात दीर्घकाळ असे सदस्य नेमले जात. कायदा बदलल्यावर फेअरफॅक्सच्या मतदारांनी १९९५ मध्ये पहिल्यांदा आपले मंडळ निवडले. मंडळ अधीक्षक नेमते आणि अधीक्षक शाळा चालवतात. मंडळाच्या बैठकीत आधी नाव नोंदवून कोणीही नागरिक काही मिनिटे बोलू शकतो. एखाद्या शाळेच्या बसचा मार्ग चुकला, गणिताचा अभ्यासक्रम बदलला, ग्रंथालयातील एखादे पुस्तक आक्षेपार्ह वाटले, की लोक तेथे जाऊन उभे राहतात. वाद होतात, आवाज चढतात. कोरोनाच्या काळात शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या आणि आठवड्याचे पाचही दिवस सर्वांसाठी पूर्णपणे उघडण्यास ऑगस्ट २०२१ उजाडला. त्या मधल्या काळात या बैठका अक्षरशः रणांगण झाल्या होत्या. पण भांडण कोणाशी करायचे हे नागरिकाला ठाऊक होते. आपल्या महापालिकेतील शिक्षण समितीच्या सभापतींचे नाव या सभागृहातील किती जणांना सांगता येईल?

या मंडळाला एक मोठी मर्यादा आहे. त्याला कर लावण्याचा अधिकार नाही. पैसा काऊंटीच्या पर्यवेक्षक मंडळाकडून येतो. ते वेगळे निर्वाचित मंडळ आहे आणि त्याचे मुख्य उत्पन्न म्हणजे घरपट्टी. काऊंटीच्या सर्वसाधारण निधीतील निम्म्याहून अधिक रक्कम शाळांकडे जाते. दर वसंत ऋतूत एक मंडळ मागणी करते, दुसरे हात आखडता घेते आणि नागरिक दोघांच्याही दारात उभे असतात. शाळांवर एवढे प्रेम करणाऱ्या या मतदारांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये हॉटेलातील जेवणावर चार टक्के कर लावण्याचा प्रस्ताव मात्र मतपेटीतून फेटाळला, जरी त्यातील ७० टक्के रक्कम शाळांना मिळणार होती. पुढे २०२५ मध्ये, राज्याच्या कायद्यातील बदलामुळे, पर्यवेक्षक मंडळाने सार्वमत न घेताच तसा कर मंजूर केला. माणसाचे शाळेवरचे प्रेम आणि खिशावरचे प्रेम यांची अशी झटापट कोणत्याही देशात होतच असते.

मग या शाळा सशक्त कशामुळे राहिल्या? केवळ पैशाने नव्हे. अमेरिकेत भरपूर पैसा खर्च करूनही खिळखिळ्या झालेल्या शाळा आहेत. फेअरफॅक्समध्ये न्यायाधीश, सेनाधिकारी, डॉक्टर, संगणक अभियंता यांची मुले याच सरकारी शाळेत बसतात. ज्यांना तक्रार लिहिता येते, आकडे वाचता येतात आणि निवडणुकीत पाडता येते, अशा लोकांची स्वतःची मुले ज्या शाळेत आहेत, ती शाळा ढासळू दिली जात नाही. पुण्या-मुंबईहून गेलेला अभियंता तेथे निःशंक मनाने मुलाला सरकारी शाळेत घालतो. तोच पुण्यात असता तर महापालिकेच्या शाळेचा विचार त्याच्या मनाला शिवला नसता. आपल्या मराठी माध्यमाच्या महापालिका शाळांतून ज्या दिवशी मध्यमवर्ग उठून गेला, त्या दिवशी त्या शाळांचा वकीलच गेला.

परंतु हेच बळ दुसऱ्या बाजूने भिंत उभी करते. शाळा शुल्क घेत नाही हे खरे, पण शाळा मिळते घराच्या पत्त्यावर. नामांकित हायस्कूलच्या हद्दीतील घर आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या हद्दीतील तसेच घर, यांच्या किमतीत फरक पडतो. घर दाखवणारा दलाल खोल्यांच्या आधी शाळेचे नाव सांगतो. म्हणजे जे शुल्क शाळेच्या खिडकीवर भरावे लागत नाही, ते गृहकर्जाच्या हप्त्यातून भरले जाते. मॅक्लीन किंवा लँग्ली भागातील कुटुंबे आणि रिचमंड हायवेलगतच्या सदनिकांत दाटीने राहणारी एल साल्वाडोरची स्थलांतरित कुटुंबे एकाच शिक्षण मंडळाखाली आहेत, अर्थसंकल्प एक, अभ्यासक्रम एक. तरीही त्यांची मुले एकाच बाकावर क्वचितच बसतात. हे कोणी कट रचून केलेले नाही. प्रत्येक आईबापाने आपल्या मुलाचे भले पाहिले आणि त्या भल्यांची बेरीज अशी झाली.

या भिंतीची सर्वांत तीव्र परीक्षा झाली ती थॉमस जेफर्सन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी या शाळेच्या निमित्ताने. सारे तिला 'टीजे' म्हणतात. १९८५ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विशेष शिक्षणासाठी ती सुरू झाली. शेजारच्या काही काऊंट्यांतील मुलेही तेथे प्रवेशासाठी अर्ज करतात. देशातील सर्वोत्तम सार्वजनिक हायस्कूलच्या यादीत तिचे नाव अनेकदा पहिल्या क्रमांकावर आले आहे. येथे पत्ता नव्हे, तर प्रवेश परीक्षा निर्णायक होती. साहजिकच भारतीय, चिनी, कोरियन कुटुंबांनी या परीक्षेची तयारी व्रतासारखी केली. आठवीची परीक्षा, पण तिचे शिकवणीवर्ग कित्येक वर्षे आधीपासून. आपल्या आयआयटीच्या शिकवण्यांची ज्याला कल्पना आहे, त्याला हे चित्र वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. २०२० साली निवडलेल्या ४८६ मुलांत ७३ टक्के आशियाई वंशाची होती. शाळा-जिल्ह्यात आशियाई मुलांचे प्रमाण मात्र विसाच्या आसपास टक्के. निवडलेल्या कृष्णवर्णीय मुलांची संख्या दहाच्याही आत होती.

त्याच वर्षी शिक्षण मंडळाने प्रवेश परीक्षा रद्द केली. जागा ५५० केल्या. प्रत्येक माध्यमिक शाळेला तिच्या आठवीच्या पटाच्या दीड टक्का जागा राखून दिल्या. उरलेल्या जागांसाठी गुणांची सरासरी, निबंध आणि मुलाची परिस्थिती यांचा विचार करायचे ठरले. गरीब घर, घरात इंग्रजी नसणे या गोष्टींना वजन आले. वंश विचारायचा नाही, असा नियम होता. पुढच्याच वर्षी आशियाई मुलांचे प्रमाण ५४ टक्क्यांवर आले आणि आर्थिक दृष्ट्या दुर्बल घरांतील मुलांचे एक टक्क्याच्या आतून २५ टक्क्यांवर गेले. रेचल कार्सन किंवा लाँगफेलोसारख्या ज्या माध्यमिक शाळांतून दरवर्षी मुलांची रांगच्या रांग टीजेत जात असे, त्या पालकांच्या पायाखालची वाळू सरकली. यात भारतीय पालकांची संख्या मोठी होती.

पालकांच्या संघटनेने मार्च २०२१ मध्ये न्यायालयात धाव घेतली. त्यांचे म्हणणे असे की, नियमात वंशाचा उल्लेख नसला तरी हेतू आशियाई मुलांची संख्या कमी करण्याचाच होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये जिल्हा न्यायाधीश क्लॉड हिल्टन यांनी ते मान्य केले. मे २०२३ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी निकाल फिरवला. अर्जदारांत आशियाई मुले सुमारे ४९ टक्के असताना प्रवेश मिळालेल्यांत ती ५४ टक्के आहेत, मग अन्याय कोठे झाला, हा त्या निकालाचा एक महत्त्वाचा आधार होता. २० फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. न्यायमूर्ती अलिटो आणि थॉमस यांनी या नकाराला लेखी असहमती नोंदवली. तेवढ्यावर पडदा पडला नाही. २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने याच प्रवेशपद्धतीची चौकशी सुरू केली.

या वादात कोणाची बाजू घ्यावी? गुणवत्तेला डावलू नये, ही आपल्या मनाची पहिली प्रतिक्रिया असते, आणि ती अयोग्य नाही. दिवसरात्र अभ्यास केलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या समाजाचे प्रमाण जास्त झाले असे सुचवणे क्रूरपणाचे आहे. मंडळाच्या काही सदस्यांची घाई आणि त्यांची भाषा न्यायाधीशांनाही खटकली होती. तथापि एक आकडा विचारात पाडणारा आहे. जुन्या पद्धतीने निवडलेल्या शेवटच्या तुकडीत आर्थिक दृष्ट्या दुर्बल घरातील आशियाई मूल एकच होते. नव्या पद्धतीच्या पहिल्या तुकडीत अशी ५१ मुले होती. टॅक्सी चालवणाऱ्या किंवा हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या आशियाई बापाचे पोर परीक्षेच्या काळात कोठे होते? परीक्षा गुणवत्ता मोजत होतीच. त्याचबरोबर ती घरातील सवड, शिकवणीचे शुल्क आणि मोटारीने ने-आण करणारी आई हेही मोजत होती. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे, म्हणूनच हा वाद सुटत नाही.

फेअरफॅक्समधील आपल्या लोकांच्या सार्वजनिक जीवनाला या वादाने एक वळण दिले, हे निर्विवाद. मुलांचे गुण आणि घराचे हप्ते एवढ्यातच रमणारी मंडळी मंडळाच्या बैठकांना जाऊ लागली, वकील लावू लागली, निवडणुकीत उमेदवारांना प्रश्न विचारू लागली. सुट्ट्यांच्या प्रश्नातही तेच दिसले. २०२१ मध्ये दिवाळी, ईद आणि ज्यूंचे दोन सण यांना पूर्ण सुट्टी देण्याचे मंडळाने टाळले होते. नाराजी उमटली, विविध धर्मांच्या संघटनांनी एकत्र आग्रह धरला आणि २०२२-२३ च्या दिनदर्शिकेत २४ ऑक्टोबरला दिवाळीची सुट्टी छापून आली. भाषेचे काम मात्र सरकारी शाळेवर सोडून चालत नाही, हे तेथील मराठी पालकांनी ओळखले आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या प्रेरणेने अमेरिकेत जागोजागी चालणाऱ्या मराठी शाळा शनिवार-रविवारी स्वयंसेवक आई-वडीलच चालवतात.

अलीकडचा एक प्रसंग सांगितला पाहिजे. काऊंटीच्या पश्चिम भागात, जेथे भारतीय वस्ती दाट आहे, एक नवे हायस्कूल व्हावे ही मागणी अनेक वर्षांची होती. तेथील शाळांत गर्दी, मुले बसमध्ये फार वेळ, आणि नव्या इमारतीसाठी जमीन मिळेना. इतर भागांत मात्र काही शाळांतील वर्ग रिकामे पडत होते, कारण कोरोनानंतर एकूण पट घटला होता. संपूर्ण काऊंटीच्या हद्दींचा सर्वंकष आढावा सुमारे चाळीस वर्षांत झाला नव्हता. जो हद्द हलवेल त्याची निवडणूक हलेल, हे प्रत्येक सदस्य जाणून होता. अखेर २०२४ मध्ये मंडळाने धोरण बदलले आणि असा आढावा दर पाच वर्षांनी घेण्याचे ठरवले. दुसऱ्याच वर्षी हर्नडनजवळ सौदी अरेबियाच्या सरकारने चालवलेली किंग अब्दुल्ला अकादमी ही खाजगी शाळा बंद पडली. तिची तयार इमारत मंडळाने १५ कोटी डॉलर्सना विकत घेतली. नवी शाळा बांधण्यापेक्षा हा सौदा स्वस्त आणि फार लवकरचा होता. पश्चिमेकडील पालकांनी समाधानाचा निःश्वास टाकला. पण व्यवहार होताच पुढचा प्रश्न समोर उभा राहिला, या शाळेची हद्द कोणत्या रस्त्यापर्यंत न्यायची. त्यावरही पालक बैठकीत बोलण्यासाठी नावे नोंदवू लागले.